लाकडाचे घासकाम आणि घासणारा माणूस



विषय कळवा असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही 'लाकूड घासण्याचा मॉप' असे लिहून पाठविले. फरशी पुसण्याचा तो मॉप तर नव्हे ना, अशी त्यांची उलट विचारणा आली. तो नव्हे. पण त्यांच्या शंकेत चूक काही नाही. ज्या वस्तूने आपल्या घरातले देवघर, पलंगाची उशाकडची पाटी, खुर्चीचा हात गुळगुळीत होतो, त्या वस्तूचे नावही आपल्याला ठाऊक नसते. आणि ती वस्तू हातात धरणारा माणूस तर आपल्याला त्याहून कमी ठाऊक असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह झाला आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. तेव्हा मोठ्या विषयाला आम्ही हात घालीत नाही. अंधेरी-घाटकोपर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, साकीनाक्याच्या गल्ल्यांत, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागच्या गाळ्यांत जे रोज चालते, तेवढेच सांगतो.

लाकूड तासले, रंधले, तरी ते गुळगुळीत होत नाही. रंध्याचे पाते जिथे रेषेच्या उलट जाते तिथे तंतू उपटले जातात. कोरीव भागात तर रंधा जातच नाही. म्हणून घासणे आले. माणसाने यासाठी आधी झाडपाल्याकडेच धाव घेतली. आपल्याकडे खरवत नावाचे झाड आहे. त्याची पाने हाताला इतकी खरखरीत लागतात, की लाकूड घासण्यासाठी ती वापरीत. कर्नाटकात चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर लाख चढविलेल्या लाकडाला चकाकी आणायला केवड्याचे पान धरतात. पुढे काचकागद आला, ज्याला आपण सर्रास पॉलिश पेपर म्हणतो. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन या गृहस्थाने विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवून सिलिकॉन कार्बाइड तयार केले, आणि घासकामाचे कण खाणीतून आणण्याऐवजी कारखान्यात घडू लागले. हे ॲचेसन नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता मॉप. काचकागदाचाच भाऊ, पण कागदाऐवजी कापडावर कण चिकटविलेले असतात. त्या कापडाच्या पट्ट्या एका गाभ्याभोवती, झेंडूच्या पाकळ्यांसारख्या दाटीने बसवितात. गाभ्याला एक दांडा असतो, बहुधा ६ मिलिमीटर जाडीचा, तो ड्रिल मशिनच्या तोंडात बसतो. किंवा मधोमध भोक असते, ते मोटरच्या शाफ्टवर बसते. दुकानदार याला फ्लॅप व्हील म्हणतो. मोटर बंद असते तेव्हा पट्ट्या लोळतात. मोटर फिरली की त्या ताठ उभ्या राहतात आणि लाकडाला टोकांनी चाटून जातात. सारी करामत या टोकांची आहे. पट्टी लवचिक असल्यामुळे ती गोलाईवर, खोबणीत, वेलबुट्टीच्या वळणावर शिरते. हाताने घासायला अर्धा दिवस लागेल ते काम घटकेत होते.

नागदेवीच्या बाजारात गेलात तर दुकानदार विचारील, 'किती नंबर?' नंबर म्हणजे कणांचा बारीकपणा. आकडा जितका मोठा, तितका कण लहान. ८० नंबरचा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, १२० नंबरचा १२५ मायक्रॉनचा, १८० नंबरचा ८२, आणि २४० नंबरचा साधारण ५८ मायक्रॉनचा असतो. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येते. नवशिक्याचा मोह असा, की आधी ८० लावावा म्हणजे काम लवकर उरकेल. पण ८० नंबरचा मॉप सागवानावर जे ओरखडे काढतो ते पुसायला १२० आणि १८० दोन्ही लागतात, आणि एक नंबर गाळून एकदम २४० वर उडी मारली तर ओरखडे पॉलिशखाली दबा धरून बसतात व चपड्याचा हात फिरला की वर येतात. रंधा चांगला चालला असेल तर १२० ने सुरुवात करावी. आंबा, देवदार अशा मऊ लाकडाला तर १५० सुद्धा पुरतो.

नंबराइतकेच कापड महत्त्वाचे, आणि ते कोणी विचारीत नाही. कापडाच्या वजनाला इंग्रजी अक्षरे आहेत: 'जे' म्हणजे पातळ आणि लवचिक, 'एक्स' म्हणजे जाड. सपाट कडांना एक्स चालेल. नक्षीला जे हवे. नक्षी फार खोल असेल तर पट्ट्यांना उभ्या चिरा दिलेला, झालरीसारखा मॉप मिळतो, तो घ्यावा. आणखी एक जात आहे, तीत प्रत्येक पट्टीच्या मागे ब्रशचे केस असतात. केस पट्टीला पाठीमागून रेटा देतात, म्हणून पट्टी खोबणीतून लवकर मागे सरत नाही. कणांच्या बाबतीत म्हणाल तर लाकडाला तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड बरा. सिलिकॉन कार्बाइड काळा, अधिक धारदार, पण ठिसूळ. तो दोन हातांच्या मधल्या पॉलिशला हलकेच घासायला ठेवावा. नायलॉनच्या जाळीचे मॉपही आहेत. ते लाकूड जवळजवळ काढीतच नाहीत, लव तेवढी काढतात.

लव म्हणजे काय ते गृहिणींना सांगायला नको. नवे पोळपाट पहिल्यांदा धुतले की जे केस उभे राहतात तीच. चांगला कारागीर ती मुद्दाम उठवितो. १८० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसतो, वाळू देतो, आणि उभी राहिलेली लव २४० च्या मॉपने अलगद उतरवितो. मग त्यावर कितीही वेळा पाणी पडले तरी ती पुन्हा फारशी उठत नाही. या एका पायरीला अर्धा दिवस जातो, म्हणून ठेक्याच्या कामात ती पहिली गाळली जाते.

मॉपला काय येत नाही, हेही सांगितले पाहिजे. तो सपाटी आणीत नाही. उंचवट्यावरून जसा जातो तसाच खळग्यातही उतरतो. देवदाराच्या मऊ रेषा तो अधिक खातो आणि कठीण रेषा सोडतो, त्यामुळे फळी वाळवंटातल्या वाळूसारखी लाटालाटांची होते. सपाटीचे काम रंध्याचे, किंवा लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरचे. दुसरे असे, की मॉपला धारदार कडेचे वैर आहे. एकोणिसाव्या शतकात या मुंबईत शिसवाचे कोरीव फर्निचर होत असे. युरोपियन लोक त्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणत. पानाफुलांनी, पशुपक्ष्यांनी भरलेली ती कोचे आणि मेजे जुन्या घरांतून निघून आज जुन्या फर्निचरच्या बाजारात येतात आणि दुरुस्तीला गाळ्यांत जातात. तिथे कोणी घाईने ८० चा मॉप लावला की पानाची शीर गेली, मोराचा डोळा गेला. पटाशीने महिनाभर कोरलेले पाच मिनिटांत बोथट होते. अशा वस्तूला हात, मऊ ब्रश आणि धीर एवढेच साधन योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेगाचा हिशेब थोडा बारकाईने मांडतो, कारण अपघात इथेच होतात. आपल्या ५० सायकलच्या विजेवर मोटरी साधारण १४४० किंवा २८८० फेऱ्यांच्या येतात. सहा इंची मॉप १४४० वर फिरला तर पट्टीचे टोक सेकंदाला सुमारे साडेअकरा मीटर धावते. २८८० वर सुमारे २३. लाकडाला एवढे खूप झाले. पण कित्येक गाळ्यांत लोखंड घासायचे हातातले ग्राइंडर असते, त्याच्या फेऱ्या ११,००० पर्यंत जातात. त्यावर चार इंचांचे चाक लावले तर टोक सुमारे ५८ मीटरांवर पोहोचते. त्या वेगासाठी बनविलेल्या चकत्या वेगळ्या मिळतात. दांड्याचा मॉप कसाबसा जुळवून तिथे लावणे म्हणजे पट्ट्या सुटून तोंडावर येण्याला आमंत्रण. प्रत्येक चांगल्या मॉपवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. ज्यावर तो नाही, तो मॉप घेऊ नये.

चालविताना लाकूड रेषेच्या दिशेने सतत सरकते ठेवावे. मोटर टेबलावर असेल तर लाकूड चाकाच्या मध्याच्या थोडे खाली धरावे, आणि पट्ट्या कडेवरून बाहेर निघतील असे धरावे, कडेवर आदळतील असे नव्हे. नाहीतर वस्तू हातातून हिसकली जाते. हातमोजे घालू नयेत, मनगटावर गंडादोरा असेल तर कामापुरता सोडावा, बाही सैल नसावी. नवा मॉप आधी रद्दी लाकडावर मिनिटभर फिरवून सुटे कण झाडून टाकावेत. सागवान तेलकट असते, त्याच्या राळेने पट्ट्या लवकर भरतात. जुन्या चपलेचा क्रेप रबरचा तळवा फिरत्या मॉपला लावला की रबर ती घाण ओढून घेते. यासाठी विकत मिळणारी कांडीही त्याच रबराची असते, फक्त महाग. आणि मुख्य गोष्ट: दाबू नये. दाबले की टोके मागे वळतात, पट्टीची पाठ लाकडावर घासते, लाकूड तापते, काळे पडते, आणि काप निघायच्या ऐवजी पीठ निघते.

कारागीर दाबतो का? त्याला कळत नाही म्हणून नव्हे. साकीनाक्याकडच्या एका गाळ्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही युनियनच्या कामाने जात असू. तिथे घासकाम नगावर होते. खुर्चीमागे ठरलेला दर, आणि मॉप, पॉलिश पेपर ज्याचा त्याने आणायचा. एक वयस्क चाचा होते, त्यांच्या मॉपच्या पट्ट्या झिजून बोटभर उरल्या होत्या. आम्ही म्हटले, चाचा, हा आता टाका. ते म्हणाले, 'भाऊ, नव्या मॉपला तीन खुर्च्यांची मजुरी जाते. हा अजून चालतो, जरा जोर लावला की झाले.' त्या 'जरा जोर' शब्दांत सगळे अर्थशास्त्र आले. झिजलेला मॉप कापीत नाही, म्हणून दाबायचा. दाबला की धूळ अधिक बारीक. आणि ती बारीक धूळ कोणाच्या छातीत, हे सांगायला नको. हत्याराचा खर्च मजुराच्या माथी मारला म्हणजे मालक मॉपचे पैसे वाचवितो आणि मजूर ते आपल्या श्वासातून फेडतो. म्हणून मॉपची निवड हा प्रश्न आमच्या लेखी आधी मजुरीचा आणि मग सुतारकीचा आहे.

धुळीविषयी जे निश्चित कळले आहे ते सांगतो. इंग्लंडात हाय विकम नावाचे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या रुग्णालयात एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद बाई होत्या. नाकाच्या पोकळीतला आणि लगतच्या सायनसांतला एक विरळा कर्करोग आपल्याकडे फारच वेळा येतो, आणि येणारे रोगी फर्निचरचे कामगार असतात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध आला आणि लाकडाच्या धुळीचा संबंध जगापुढे मांडला गेला. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव होते डोनाल्ड ॲचेसन यांचे. घासण्याचे कण देणारा एक ॲचेसन, आणि घासण्याच्या धुळीचा हिशेब मागणारा दुसरा. नाते आम्ही जोडीत नाही, पण आडनावाचा हा योगायोग आम्हांला वाचनालयात सापडला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ नुसते बसलो होतो. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चित कर्करोगकारक असे जाहीर केले. धुळीत काम सुरू होणे आणि रोग दिसणे यांत कित्येक दशके जातात. तोवर गाळा बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, कामगार गावी गेलेला असतो. नुकसानभरपाई मागायची कोणाकडे?

हा झाला दूरचा धोका. जवळचे म्हणजे दमा, नाक गळणे, अंगाला खाज. शिसव आणि सागवान या आपल्या आवडत्या दोन्ही लाकडांत त्वचेला चिडविणारी द्रव्ये आहेत. कारागीर म्हणतो 'शिसव लागले', ते खरेच असते. एमडीएफच्या फळीत लाकडाच्या पिठाबरोबर फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो, आणि फॉर्मल्डिहाइडही कर्करोगकारकांच्या त्याच यादीत आहे.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम होते: जिथे धूळ उठते तिथेच, तिच्या उगमाजवळ, ती ओढून घेण्याची व्यवस्था मालकाने करावी. कलम चांगले होते. पण वीज वापरणाऱ्या जागेत १० माणसे असली तरच ती जागा कारखाना. आम्ही पाहिलेले घासकामाचे गाळे सहा-सात माणसांचे. आणि दहावा माणूस आला की हजेरीपत्रकातून कोणीतरी गावाला जायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवी संहिता लागू झाली, आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर गेली, विजेवाचून ४० वर. फुप्फुस मात्र खोलीत माणसे किती आहेत ते मोजीत नाही.

इथे तुम्हां श्रोत्यांचा संबंध येतो. बोरिवलीत, मुलुंडात नवा ब्लॉक घेतला की सुतार घरातच काम करतो. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेतो. आता हिशेब करा. ब्रिटनमध्ये टणक लाकडाच्या धुळीची कायदेशीर कमाल मर्यादा हवेच्या घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. १२ फूट बाय १० फूट, १० फूट उंच अशी खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तिच्यात तरंगत्या धुळीची मर्यादा भरायला १०० मिलिग्रॅम पुरतात. ग्रॅमचा दहावा भाग! चिमूटभर मिठापेक्षा कमी. मॉप एका खुर्चीच्या पायावर याच्या कैकपट धूळ उडवितो. म्हणून सुताराला सांगा: खिडकी उघडा, घासकाम शक्य तर गच्चीवर करा, केरसुणीने कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला फारसा अडवीत नाही. भारतीय मानक ९४७३ चा शिक्का असलेला मुखवटा हवा, आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. २०२० नंतर तो कसा लावायचा हे आपण सगळेच शिकलो आहोत.

जुन्या रंगविलेल्या वस्तूंबाबत एक कडक सूचना. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागली. त्याआधीचा पलंग, पाळणा, खिडकी यांच्या रंगात शिसे असू शकते असे धरूनच चालावे. त्यावर मॉप लावणे म्हणजे शिशाचे पीठ घरभर उधळणे, आणि रांगणारे मूल ते बोटांनी चाटते. असा रंग ओला करून खरवडावा, मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवावे. मॉपचीही यात हानीच होते. रंगाने तो दहा मिनिटांत चोंदतो.

राहिला त्या गाळ्याचा प्रश्न. वाटाघाटी तीन महिने चालल्या. मालक म्हणे, दार उघडे आहे की. आम्ही त्याला मोटरजवळ नेले आणि उन्हाच्या तिरिपेत धूळ दाखविली. फिरता मॉप हा स्वतःच एक पंखा आहे. तो धूळ खोलीभर सारखी पसरवीत नाही, एका रेषेत फेकतो, आणि ती रेषा कारागिराच्या छातीवरून जाते की त्याच्यापासून दूर जाते हे धरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. तेव्हा छताला एक्झॉस्ट पंखा लावून उपयोग नाही. तो धूळ आधी नाकापुढून वर ओढतो आणि मग बाहेर टाकतो. झिंक पत्र्याचे एक तोंड मॉपच्या मागे, धूळ जिकडे फेकली जाते बरोबर तिकडे, वीतभर अंतरावर बसवायचे आणि तिथून नळकांडे खाली ओढणाऱ्या पंख्याला जोडायचे. त्या पत्र्याजवळ पॉलिशचे स्पिरिट ठेवायचे नाही, आणि लाकडातला खिळा आधी काढायचा. ठिणगी नळकांड्यात गेली तर भुसा पेटतो. पत्रेवाला शेजारच्याच गल्लीत होता.

कामगारांनाही समजवावे लागले. मुखवटा लावला की हात मंदावतो, नग कमी होतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: मॉप मालकाने आणायचा आणि पट्ट्या निम्म्या झिजल्या की बदलायचा, ओढणीचा पंखा बंद असेल तर मोटर चालवायची नाही, आणि नगाच्या दरात रोजची अर्धा तास साफसफाई धरायची. तिसऱ्या गोष्टीवर मालक सर्वांत अधिक अडला. पत्रा त्याने आठ दिवसांत बसविला, अर्ध्या तासासाठी मात्र दोन महिने घेतले.

समोरच्या टेबलावर तीन मॉप ठेवले आहेत: एक्स कापडाचा ८० नंबर, जे कापडाचा १८०, आणि शेवटचा चाचांचा झिजलेला, जो त्यांनी आम्हांला दिला. कार्यक्रमानंतर ज्यांना हवे त्यांनी हातात घेऊन पाहावेत. सागवानाची एक फळीही आहे. तिचे एक टोक ओले करून घासलेले आहे, दुसरे कोरडेच. डोळे मिटून हात फिरवला तरी फरक कळतो.